मुळाक्षरांच्या क्रमाने वसलेली गावं: सस्कॅचवानची रेल्वे आणि तिने दिलेली नावं

सस्काटूनकर

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या सस्काटूनहून रेल्वेलाइन धरून पूर्वेला निघालं की गावं लागतात ती या क्रमाने: क्लेव्हेट, ब्रॅडवेल, अॅलन, झेल्मा, यंग, झेना, वॉट्रस, व्हेन, उंडोरा. आता त्यांची इंग्रजी आद्याक्षरं बघा. सी, बी, ए, मग झेड, वाय, एक्स, डब्ल्यू, व्ही, यू. (झेनाचं स्पेलिंग एक्सने सुरू होतं.) विनिपेगकडून येणाऱ्या गाडीला हीच अक्षरं सरळ क्रमाने भेटतात.

हा योगायोग नाही. ग्रँड ट्रंक पॅसिफिक (पुढे नुसतं जीटीपी लिहितो) या कंपनीला १९०३ साली कॅनडाच्या संसदेने परवानगी दिली आणि तिने विनिपेगपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टपर्यंत लाइन टाकली. गवताळ प्रदेशातल्या स्टेशनांना कंपनीने ए पासून झेडपर्यंत ओळीने नावं दिली. झेड संपलं की पुन्हा ए. मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा अशा तीन प्रांतांतून हा क्रम फिरत फिरत जातो. इकडे तिला 'अल्फाबेट लाइन' म्हणतात.

ही जमीन आधीच चौकोनांत मोजून ठेवलेली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन, एका सेक्शनमध्ये ६४० एकर. १८७२ च्या कायद्यानुसार दहा डॉलर फी भरली की पाव सेक्शन, म्हणजे १६० एकर, कसायला मिळे. धान्याची घोडागाडी घेऊन शेतकऱ्याने सकाळी निघावं, एलेव्हेटरवर (स्टेशनाजवळच्या धान्याच्या कोठारावर) माल उतरवावा आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचावं, असं हवं असेल तर स्टेशनं फार लांब ठेवून चालत नव्हतं. म्हणून दर सात-आठ मैलांवर एक. आधी नकाशावर स्टेशनाची जागा ठरली, मग त्या जागेला अक्षर मिळालं, अक्षरावरून नाव मिळालं, आणि माणसं बहुतेक ठिकाणी त्यानंतर आली.

मला यातलं हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. इथे नाव आधी जन्मलं आणि गाव नंतर. ज्या नावामागे कुणाची आठवण नव्हती, ते लोकांनी आपलंसं कसं केलं, कुठे केलं नाही, कुठे बदलून घेतलं, हे शोधायचा मला नाद लागला आहे. माझ्याकडे आहे ते हळूहळू लिहितो. तुम्हीही भर घाला.

रूळप्रेमी

उत्तम धागा. मी मध्य रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, त्यामुळे मला यातली कामाची बाजू आधी दिसते.

त्या काळी तिकडच्या एकेरी लाइनवर गाड्या चालत त्या तारेवरून आलेल्या हुकमांवर. कंट्रोलमध्ये बसलेला डिस्पॅचर मोर्सने हुकूम पाठवणार, स्टेशनवरचा तारबाबू तो कागदावर उतरवणार आणि धावत्या गाडीच्या ड्रायव्हरला काठीला अडकवून वर देणार. आमच्याकडे टोकनचा गोळा वेताच्या रिंगमधून देत असू, त्याच जातीचं काम. अमुक गाडीने अमुक स्टेशनवर थांबावं आणि समोरच्या गाडीला वाट द्यावी, एवढंच त्या हुकमात असतं. त्यात स्टेशनाचं नाव चुकलं तर दोन इंजिनं समोरासमोर.

अशा कामात नाव लहान हवं, शेजारच्या नावाशी मिळतंजुळतं नको, आणि कुठलं आधी कुठलं नंतर हे झोपेतही सांगता यायला हवं. नवीन भरती झालेल्या माणसाला, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या गँगवाल्यालाही, क्यू नंतर आर येणार हे पाठ करावं लागत नाही. रेल्वेच्या दृष्टीने ही पद्धत फार शहाणपणाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

एक विचारतो. मोठ्या स्टेशनांनाही हाच नियम होता का? इंजिन बदलायची, कोळसा-पाणी घ्यायची ठिकाणं?

सस्काटूनकर

रूळप्रेमीकाका, अगदी मोक्याचं विचारलंत. त्या ठिकाणांना नियम लागू नव्हता, वॉट्रस डब्ल्यूच्या जागी बसलं तेवढं सोडून. साधारण सव्वाशे मैलांवर एक डिव्हिजनल पॉइंट असे. तिथे इंजिनशेड, क्रू बदलायची सोय, मोठं यार्ड. त्यांची नावं साहेबांच्या नावांवरून ठेवली.

विनिपेगहून पश्चिमेला निघालात तर पहिलं रिव्हर्स: ग्रँड ट्रंकचे अध्यक्ष सर चार्ल्स रिव्हर्स विल्सन. मग मेलव्हिल: जीटीपीचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज. मग वॉट्रस: उपाध्यक्ष फ्रँक वॉट्रस मोर्स. मग बिगर: कंपनीचे वकील विल्यम हॉजिन्स बिगर. मग अल्बर्टात वेनराइट: उपाध्यक्ष विल्यम वेनराइट. एडमंटनच्या पलीकडे एडसन: एडसन चेंबरलिन, जे हेज यांच्यानंतर अध्यक्ष झाले. यातली पहिली तीन ही त्या माणसांची मधली नावं आहेत.

हेज यांचं नाव अनेकांनी वेगळ्या संदर्भात ऐकलं असेल. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते टायटॅनिकवर होते आणि तिथेच गेले. लाइनचा शेवटचा खिळा एप्रिल १९१४ मध्ये ब्रिटिश कोलंबियात फोर्ट फ्रेझरजवळ ठोकला गेला, तो त्यांना पाहता आला नाही. पुढे कंपनी कर्जात बुडाली, १९१९ मध्ये सरकारच्या ताब्यात गेली आणि कॅनेडियन नॅशनलमध्ये विलीन झाली. कंपनी गेली, नावं राहिली.

घरच्यांचीही आठवण ठेवलेली दिसते. अल्बर्टात फेबियन, हॉकिन्स, इर्मा, जॅरो, किन्सेला अशी ओळ आहे. त्यातली इर्मा ही वेनराइटसाहेबांची मुलगी.

मृणाल_के

माहिती रोचक आहे, पण वाचताना मला सतत एक गोष्ट खटकते आहे. "माणसं नंतर आली" असं तुम्ही लिहिलंत. माणसं तिथे होतीच ना? क्री, सोटो, असिनिबॉइन हे मूळ लोक कितीतरी आधीपासून त्या गवतावर राहत होते. प्रत्येक टेकडीला, ओढ्याला, तळ्याला त्यांचं नाव असणार. ते सगळं बाजूला सारून साहेबाचं मधलं नाव लावायचं, याला मी नुसती कामाची सोय म्हणू शकत नाही.

वॉट्रसचंच घ्या. गावाच्या अगदी शेजारी लिटल मॅनिटू तळं आहे. पाणी इतकं खारं की माणूस आपोआप तरंगतो. क्री लोक त्या पाण्याला औषधी मानत आणि आजाऱ्यांना तिथे आणत. मॅनिटू म्हणजे त्यांच्या श्रद्धेतली दैवी शक्ती. एवढं अर्थाने भरलेलं नाव हाताशी असताना कंपनीला ते दिसलं नाही. मॉन्ट्रियलच्या ऑफिसातल्या माणसाचं नाव दिसलं.

सस्काटूनकर

मृणालताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते या धाग्याच्या मध्यभागीच असायला हवं. मी शेती करायला आलेल्या वसाहतवाल्यांबद्दल लिहीत होतो. १८७४ मध्ये सरकारशी झालेल्या चौथ्या करारानंतर मूळ लोकांना राखीव जमिनींवर जावं लागलं आणि मधली जमीन मोजणीदारांना मोकळी झाली. 'रिकामी जमीन' ही अवस्था अशी तयार केलेली होती.

रेजायना शहराचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. त्या जागेला क्री भाषेतलं नाव होतं, अर्थ 'हाडांचे ढीग'. बायसनच्या शिकारीनंतर तिथे हाडं रचून ठेवत. इंग्रजीतही ती जागा पाइल ऑफ बोन्स म्हणूनच ओळखली जाई. १८८२ मध्ये कॅनेडियन पॅसिफिकची लाइन आली आणि गव्हर्नर जनरलची बायको राजकन्या लुईझ हिने आपल्या आईच्या, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या, मानाखातर रेजायना हे नाव दिलं. जुन्या नावाचा धागा शहरातल्या वस्काना ओढ्याच्या नावात उरला आहे.

पण अल्फाबेट लाइनवर एक गाव असं आहे जिथे अक्षर कंपनीचं आणि शब्द इथल्या लोकांचा. पनिची. लाइनवरचा क्रम बघा: फेनवूड, गुडईव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर, लेस्टॉक आणि पुढे पनिची, क्विंटन, रेमोर, सीमन्स, टेट. यातले केलिहर हे जीटीपीचे मुख्य इंजिनिअर, लेस्टॉक हे सर्वेक्षक जॉन लेस्टॉक रीड यांचं मधलं नाव. आणि पी आलं तिथे सोटो भाषेतला शब्द बसला. नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं, अंगावर तुरळक पिसं असलेलं पाखराचं पिल्लू, असा त्याचा अर्थ सांगतात. तिथे दुकान चालवणाऱ्या एका गोऱ्या व्यापाऱ्याचा अवतार बघून लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं म्हणे. मुंबई-पुण्याचं अंतर कापावं तशी साहेबांची नावं मागे टाकत यावं आणि मध्येच इथल्या माणसांचं हसू ऐकू यावं, असं मला तो फलक बघितला की वाटतं.

मृणाल_के

पनिचीबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. मग तिथलीच पुढची गोष्ट मी लिहिते, कारण ती नावांचीच आहे.

पनिचीजवळ गॉर्डन राखीव क्षेत्रात मूळ लोकांच्या मुलांची निवासी शाळा होती. १९९६ मध्ये बंद झाली. लेस्टॉकजवळ मस्कोविक्वानची शाळा, ती १९९७ पर्यंत चालली. अशा शाळांत मुलांची घरची नावं काढून इंग्रजी नावं देत, अनेक ठिकाणी नंबर देत. जमिनीला नाव देण्याचा अधिकार आणि लेकरांना नाव देण्याचा अधिकार एकाच हातात गेला की काय होतं, हे त्या दोन गावांच्या मधल्या काही मैलांत दिसतं. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यातली सतरावी याबद्दल आहे: शाळेने बदललेली नावं ज्यांना परत घ्यायची आहेत त्यांच्याकडून पाच वर्षं कुठल्याही कागदपत्राची फी घेऊ नका.

त्याच परिसरातल्या टेकड्यांतलं एक राखीव क्षेत्र सरकारी कागदांत 'पुअर मॅन' म्हणून नोंदलेलं होतं. त्या लोकांनी आपल्या नायकाचं मूळ नाव कावाकटूस परत घेतलं आणि आज नकाशावर तेच आहे. रेल्वेची नावं पक्की झाली म्हणून बाकीचं सगळं पक्कं झालं असं समजायचं कारण नाही.

दत्ता_बार्शीकर

मृणालताईंचा राग समजतो. तरी मला काकांचं म्हणणंही पटतं. शेकडो मैल लाइन टाकायची, शंभराच्या वर स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी विचारविनिमय करत बसणं त्या काळच्या कंपनीकडून कोण अपेक्षा करणार? मुळाक्षरं तरी कुणाच्या बाजूची नाहीत. मला खटकतात ती साहेबांची नावं.

आपल्याकडे रेल्वे आली ती गजबजलेल्या मुलखात. स्टेशन गावापासून मैलोन् मैल दूर असलं तरी नाव गावाचंच घेऊन 'रोड' जोडलं: नाशिक रोड, डहाणू रोड. उलटा प्रवास विरळा. कुंडल रोड स्टेशनजवळ १९१० मध्ये कारखान्याची वसाहत उभी राहिली आणि पुढे स्टेशनच किर्लोस्करवाडी झालं. सस्काटूनकर म्हणतात तो फरक त्यामुळे लगेच कळतो. आपलं स्टेशन गावाचा पत्ता सांगतं, तिकडे गाव स्टेशनाचा पत्ता सांगतं.

अनघा_कॅलगरी

वाचतेय, फार आवडतंय. टेट आणि उंडोरा यांच्यामध्ये नोकोमिस नावाचं गाव आहे ना? ते एन ने सुरू होतं आणि क्रमात बसत नाही. मी तिथे एकदा थांबले होते. त्याचं काय?

सस्काटूनकर

अनघाताई, नोकोमिस हे माझं सर्वांत लाडकं उदाहरण.

जीटीपीचे रूळ पोचायच्या आधी, १९०६ मध्ये, हॉलस्टेड आडनावाच्या एका वसाहतकरी बाईंनी तिथे पोस्ट ऑफिस चालवायला घेतलं. पोस्टाला नाव हवं होतं. त्यांनी नोकोमिस सुचवलं. लाँगफेलोच्या हायवाथावरच्या दीर्घकाव्यात नायकाला वाढवणारी आजी आहे, तिचं हे नाव. कवीने ते ओजिब्वे भाषेतून घेतलं, आणि त्या भाषेत त्याचा अर्थच 'माझी आजी' असा आहे. कंपनी आली तेव्हा पत्रांवर शिक्का नोकोमिसचा पडत होता. त्यात तिथे कॅनेडियन पॅसिफिकची लाइन जीटीपीला छेदून जाते, म्हणजे जंक्शनचं ठिकाण. तेच नाव टिकलं. मुळाक्षरांची शिस्त एका पोस्ट ऑफिसपुढे वाकली.

दत्ताभाऊ, म्हणूनच मला तुमचं "कंपनीकडून कोण अपेक्षा करणार" पूर्ण पटत नाही. जिथे आधीच नाव रुजलेलं होतं आणि ते सरकारी कागदावर होतं, तिथे कंपनीने ते मानलं. पोस्टाचा शिक्का मानला, टेकडीवरच्या लोकांचा शब्द बहुतेक वेळा मानला नाही. जमत नव्हतं असं नाही.

वेल्हेकर

बँगोरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मेलव्हिलच्या पूर्वेला अॅटवॉटर, बँगोर, केना अशी ए-बी-सी आहे. त्यातलं बँगोर हे वेल्समधल्या शहराचं नाव. पण तिथले वेल्श लोक थेट वेल्सहून आलेले नव्हते. ते १९०२ मध्ये अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातून आले. भाषा आणि चालीरीती जपता याव्यात म्हणून त्यांचे बापजादे वेल्स सोडून दक्षिण अमेरिकेत गेले होते, तिथे पूर आणि इतर अडचणींनी गांजले आणि दुसऱ्यांदा समुद्र ओलांडून सस्कॅचवानला पोचले. वेल्श आणि स्पॅनिश बोलणारी माणसं कॅनडाच्या बर्फात. बी अक्षराची पाळी त्यांच्या शेजारी येणं हा मात्र खरा योगायोग म्हणायला हवा, आणि फार छान योगायोग.

पहिल्या महायुद्धात जर्मन नावांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. याच लाइनवर बिगरच्या पश्चिमेला कोब्लेन्झ होतं. १९१५ मध्ये इडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला जर्मनांनी बेल्जियममध्ये गोळ्या घातल्या, आणि कोब्लेन्झचं कॅव्हेल झालं. आद्याक्षर सी होतं, सी च राहिलं. दुसऱ्या एका लाइनवरच्या प्रशियाचं 'लीडर' झालं.

फोर्टकर

मुंबईशी एक धागा जुळतो, तो इथे ठेवतो. सस्कॅचवानच्या आग्नेयेला किपलिंग नावाचं गाव आहे. हे अल्फाबेट लाइनवर नाही, वेगळ्या मार्गावर आहे, पण जन्म रेल्वेचाच: सुरुवातीला नावच किपलिंग स्टेशन. रुडयार्ड किपलिंगवरून ठेवलेलं. ते १८६५ मध्ये आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मले, वडील तिथे शिकवत. या गावाशेजारी हंगेरियन वसाहतवाल्यांचं बेकेवार होतं. त्यांनी आपलं नाव आपल्या भाषेत ठेवलं, आणि स्टेशन मिळालं ते इंग्रज लेखकाच्या नावाला.

याच किपलिंगनी १९१० मध्ये अल्बर्टातल्या मेडिसिन हॅटचं नाव वाचवायला मदत केली. तिथल्या काही मंडळींना ते नाव गावंढळ वाटत होतं, व्यापाराला मारक वाटत होतं, बदलावं म्हणत होते. विरोधकांनी किपलिंगना पत्र लिहून मत विचारलं. त्यांचं सविस्तर उत्तर आलं: हे नाव या भूमीतून आलेलं आहे, जगात दुसऱ्या कुठल्या शहराला नाही, ते सोडू नका. पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि नाव बदललं नाही. साम्राज्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने इथल्या जुन्या नावाची बाजू घ्यावी, हे मला नोंदवण्यासारखं वाटतं.

रूळप्रेमी

अवांतर नाही, धाग्याशी संबंधितच. झेनाच्या पुढच्या फेरीत एक्स कुठे गेलं? नकाशावर मला स्कॉट, टाको, युनिटी, व्हेरा, विंटर दिसतात आणि मग एकदम याँकर, झुम्ब्रो, पुढे अल्बर्टाच्या सीमेला आर्टलंड.

सस्काटूनकर

काका, तिथे एक्स गाळलेलंच दिसतं. एक्सने सुरू होणारी नावं मिळणार तरी किती! आधीच्या फेरीत झेना सापडलं. क्यूसाठी क्विंटन. मॅनिटोबात यू साठी 'उनो' आहे. युनिटी हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या युनिटीवरून घेतलं. स्कॉट हे पुन्हा कंपनीचे अधिकारी, खजिनदार.

झेनाला आज जवळजवळ काहीच उरलेलं नाही. उंडोराचंही तेच. घोडागाडीच्या हिशोबाने बांधलेली स्टेशनं ट्रक आल्यावर फार जवळजवळ झाली. नंतर धान्य कंपन्यांनी लाकडी एलेव्हेटर पाडून मोजक्या ठिकाणी काँक्रीटचे प्रचंड एलेव्हेटर बांधले. सरकार आणि रेल्वे यांच्यातल्या क्रोज् नेस्टच्या करारापासून चालत आलेली धान्यवाहतुकीची सवलत १९९५ मध्ये संपली आणि लहान गावांचा उरलासुरला आधार गेला. यंग तग धरून आहे, वॉट्रस बऱ्यापैकी नांदतं आहे, त्याला त्या मॅनिटू तळ्यावर येणाऱ्या लोकांचाही हातभार आहे. मृणालताई, कंपनीने जे नाव डावललं त्याच तळ्यावर आज गावाची बरीच मदार आहे.

अनघा_कॅलगरी

आम्ही पुढच्या उन्हाळ्यात टोरांटोहून व्हँकुव्हरपर्यंत 'कॅनेडियन' गाडीने जायचं म्हणतोय. ती याच लाइनवरून जाते का? ही गावं दिसतील?

सस्काटूनकर

हो, याच लाइनवरून जाते. सस्कॅचवानमधले थांबे मेलव्हिल, वॉट्रस, सस्काटून, बिगर आणि युनिटी. म्हणजे तीन साहेब, एक शहर आणि वॉट्रसचं डब्ल्यू सोडलं तर एकच अक्षर. बाकीची अक्षरं गाडी न थांबता ओलांडते. वेळापत्रकावर विसंबू नका. मालगाड्यांना वाट देत देत ती बऱ्याचदा खूप उशिरा येते, त्यामुळे कुठला पट्टा दिवसा दिसेल ते सांगता येत नाही.

नावं नीट वाचायची असतील तर सस्काटूनला उतरून गाडी भाड्याने घ्या. क्लेव्हेटपासून वॉट्रसपर्यंत रुळांच्या आसपास राहून जाता येतं. वॉट्रसला तळ्यावर एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी नोकोमिस करून पनिचीपर्यंत जा. निघण्याआधी मला व्यक्तिगत निरोप करा, जमलं तर मीही येईन.